दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब कसा मांडायचा

दोन छोटे विमानतळ, मध्ये तीनशे किलोमीटर. टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनावर पंखे फिरवणाऱ्या, विमानाचा वेग ताशी ५१० किलोमीटर. भागाकार केला की पस्तीस मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र अशा फेरीला एक तासाच्या आसपास वेळ दिलेला दिसतो, कधी पाच मिनिटं जास्तच. मधली पंचवीस-तीस मिनिटं कुठे जातात हे नेमकं कळलं, की कोणत्याही दोन विमानतळांमधला वेळ घरबसल्या काढता येतो.

लांबच्या उड्डाणात चूक लपून जाते. आठ तासांत दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगानं जेमतेम पंधरा मिनिटं उडतं. बाकीचा वेळ चढण्यात, उतरण्यात, वळसे घेण्यात आणि जमिनीवर सरकण्यात जातो. म्हणून इथे वेगापेक्षा बाकीच्या गोष्टींकडेच जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी विमानतळ नक्की करा

सुरुवातीची सर्वांत मोठी चूक इथेच होते. गावाच्या नावावरून विमानतळ शोधू नका, कोडवरून शोधा. तिकिटावर दिसतो तो तीन अक्षरी कोड आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा. वैमानिक आणि नियंत्रक वापरतात तो चार अक्षरी कोड इकाओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेचा. सान होजे नावाचं एक शहर कोस्टारिकात आहे आणि एक कॅलिफोर्नियात. पहिल्याचा कोड एसजेओ, दुसऱ्याचा एसजेसी. एका अक्षराची गल्लत झाली की अंतर हजारो किलोमीटरनं चुकतं.

छोट्या धावपट्ट्यांना अनेकदा आयाटा कोड नसतोच, कारण तिथून तिकीट विक्री होत नाही. त्यामुळे इकाओ कोड धरून काम करणं बरं. त्याच्या पहिल्या अक्षरावरून प्रदेशही ओळखता येतो: ई म्हणजे उत्तर युरोप, एल म्हणजे दक्षिण युरोप, व्ही म्हणजे दक्षिण आशिया आणि आग्नेय आशियाचा काही भाग, वाय म्हणजे ऑस्ट्रेलिया. युरोपातला विमानतळ शोधताय आणि कोड वायनं सुरू होतोय, तर तिथेच थांबा.

आता अक्षांश-रेखांश. ते देशाच्या अधिकृत वैमानिक माहितीपुस्तिकेतून, म्हणजे एआयपीमधून घ्या. प्रत्येक विमानतळाच्या नोंदीत सुरुवातीलाच संदर्भबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते. हा बिंदू साधारण धावपट्टीच्या मध्याजवळ असतो, प्रवासी इमारतीजवळ नाही. उंचीही लगेच टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

अंतर काढणं

एआयपीमध्ये आकडे अंश, मिनिटं आणि सेकंदांत असतात. गणित करायला ते दशांशात आणावे लागतात: मिनिटांना ६० नं भागायचं, सेकंदांना ३६०० नं, आणि दोन्ही अंशांत मिळवायचं.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक विमानतळ घेऊ. 'अ' चे अक्षांश ४१°२४′३६″ उत्तर, रेखांश १२°४८′००″ पूर्व. 'ब' चे अक्षांश ४३°१५′१८″ उत्तर, रेखांश १५°२७′३६″ पूर्व. दशांशात 'अ' झाला ४१.४१० आणि १२.८००, 'ब' झाला ४३.२५५ आणि १५.४६०.

पाचशे किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी कोसाइनचं बटण असलेल्या कॅल्क्युलेटरवर जमणारी रीत अशी:

१. अक्षांशांची वजाबाकी करा: १.८४५.
२. रेखांशांची वजाबाकी करा: २.६६०. तिला सरासरी अक्षांशाच्या कोसाइननं गुणा. सरासरी अक्षांश ४२.३३, त्याचा कोसाइन ०.७३९, गुणाकार १.९६६.
३. दोन्ही उत्तरांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: २.६९६.
४. त्याला १११.२ नं गुणा. उत्तर २९९.८ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३००.

१११.२ हा आकडा पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून येतो, एका अंशाला तितके किलोमीटर. कोसाइननं गुणायचं कारण असं की रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किलोमीटरचा असतो, ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा. ही पायरी विसरलात तर वरच्या उदाहरणाचं उत्तर ३६० येईल, साठ किलोमीटरनं जास्त.

याहून लांबच्या अंतराला किंवा ध्रुवांजवळच्या विमानतळांना हॅवरसाइन सूत्र, म्हणजे गोलाच्या पृष्ठावरचं अंतर काढायचं सूत्र, वापरा. आपल्या उदाहरणात दोन्ही रीतींच्या उत्तरांत शंभर मीटरचाही फरक पडत नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांवर थोडी चपटी आहे, त्यामुळे गोल धरलेल्या गणितात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. तीनशे किलोमीटरला ती दीड किलोमीटर झाली. ताशी ५१० च्या वेगानं दीड किलोमीटर म्हणजे दहा-अकरा सेकंद, तेव्हा त्या अचूकतेपायी वेळ घालवू नका.

ज्या चुका खरोखर महागात पडतात त्या वेगळ्याच आहेत. ४१°२४′३६″ सरळ ४१.२४३६ असं लिहिलं जातं. आपल्या उदाहरणात चारही आकडे तसे टाकले तर उत्तर ३१३ येतं. ही चूक सापडत नाही, कारण ३१३ हा आकडा पटण्यासारखा वाटतो. पडताळा सोपा आहे: चारही आकड्यांत दशांशचिन्हानंतरचे पहिले दोन अंक नेहमी साठच्या आतच आढळले, तर संशय घ्या.

दुसरी चूक स्प्रेडशीटमधली. तिथली साइन-कोसाइनची फलनं कोन रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, मागतात. अंश तसेच टाकले की निरर्थक उत्तर येतं. तिसरी चूक चिन्हाची. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश ऋण घ्यायचे. प्रशांत महासागरातल्या बेटांवर तर १७९ पूर्व आणि १७९ पश्चिम यांच्यात दोनच अंशांचं अंतर असतं, वजाबाकीनं मात्र ३५८ येतात. वजाबाकी १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची.

आणि मैल. विमानाच्या जगात मैल म्हणजे नॉटिकल मैल, नेमका १८५२ मीटरचा. रस्त्यावरचा मैल १६०९ मीटरचा. ३०० किलोमीटर म्हणजे १६२ नॉटिकल मैल. हेच १६२ रस्त्यावरचे मैल समजून किलोमीटर केले तर २६१ होतात. पुढचा सगळा हिशेब नॉटिकल मैल आणि नॉटमध्येच करू, एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. शेवटी हवे तर किलोमीटर करून घ्या. मध्येच एकक बदललं की गोंधळ ठरलेला.

सरळ रेषेवरून खऱ्या मार्गावर

विमान सरळ रेषेत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, लष्करी सरावाचे पट्टे टाळावे लागतात, डोंगराळ भागात सुरक्षित उंची मिळेपर्यंत फेरा मारावा लागतो. शिवाय वारा ज्या दिशेनं येतो तिकडे तोंड करून विमान उडतं आणि उतरतं. जायचंय ईशान्येला आणि वारा नैर्ऋत्येकडून, तर विमान आधी नैर्ऋत्येला उडणार आणि मग मागे वळणार.

बरेच जण सरळ अंतरावर ठरावीक टक्के चढवून मोकळे होतात. छोट्या पल्ल्याला हे फसतं. वळसे बहुतांशी दोन्ही टोकांना असतात आणि टोकांचे वळसे अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाहीत. त्यामुळे मार्गासाठी पाच टक्के आणि दोन्ही टोकांसाठी मिळून पाच नॉटिकल मैल ही सुरुवातीची बरी मांडणी. आपल्या १६२ मैलांचे असे १७५ होतात.

याहून जास्त कधी धरायचं? उतरणाऱ्या विमानतळावर रडार नसेल तर. मोठ्या विमानतळावर नियंत्रक पडद्यावर विमान बघून त्याला थेट धावपट्टीच्या रेषेत आणून सोडतो. रडार नसलेल्या ठिकाणी, खाली ढग असले की वैमानिकाला उतरण्याची पूर्ण प्रक्रिया पार पाडावी लागते: आधी विमानतळावरच्या दिशादर्शक केंद्राच्या माथ्यावर यायचं, मग विमानतळाकडे पाठ करून दोन-तीन मिनिटं दूर जायचं, वळायचं आणि धावपट्टीच्या रेषेत परत यायचं. विमानतळ खाली असतो आणि विमान त्याच्यापासून लांब चाललेलं असतं, प्रवासी खिडकीतून बघून बुचकळ्यात पडतात. यात सहा ते आठ मिनिटं सहज जातात. हवा स्वच्छ असेल आणि धावपट्टी दिसत असेल तर हाच वेळ जवळजवळ पूर्ण वाचतो. उपग्रहाधारित प्रक्रिया असलेल्या ठिकाणी विमान बहुधा बाहेरूनच रेषेत शिरतं, तिथेही हा फेरा टळतो. एकाच मार्गावर एका दिवशी ४५ मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी ५३ लागतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

विमान कोणतं, ते विचारा

वेळ सांगणारी अनेक संकेतस्थळं प्रत्येक विमानाला ताशी ८०० किलोमीटर वेग आणि वर सरसकट अर्धा तास धरतात. तीनशे किलोमीटरला हे उत्तर ५२ मिनिटं येतं आणि योगायोगानं वास्तवाच्या जवळ बसतं. सहाशे किलोमीटरला त्याच रीतीनं सव्वा तास येतो. प्रत्यक्षात टर्बोप्रॉपला दीड तासाच्या वर लागतं. ती गणितं जेट विमानासाठी आहेत, आणि छोट्या विमानतळांवर जेट क्वचितच येतं.

वेगाचे ढोबळ आकडे असे धरा. एटीआर ७२: २७० ते २७५ नॉट. डॅश ८ मालिकेतलं ४००: ३५० नॉटच्या आसपास. एकाच इंजिनाचं सेस्ना कॅरॅव्हॅन: १७५ ते १८५. ट्विन ऑटर: १५० ते १७०. एअरबस ए३२० सारखं जेट: ४५० नॉट. हे हवेच्या तुलनेतले वेग आहेत, जमिनीच्या तुलनेतले नाहीत. तो फरक वाऱ्याच्या भागात बघू.

वेळ टप्प्याटप्प्यानं मांडा

आता मुख्य काम. १७५ नॉटिकल मैल, एटीआर ७२, १७,००० फूट उंची, वारा नाही.

चढण: मिनिटाला सरासरी हजार फूट धरले तर १७ मिनिटं. चढताना सरासरी वेग २०० नॉट, म्हणजे ५७ मैल कापले गेले.

उतरण: विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं, म्हणजे दर हजार फुटांना तीन मैल. १७ गुणिले ३, झाले ५१ मैल. यातले पहिले ४१ मैल २४० नॉटनं, १० मिनिटं. शेवटचे १० मैल चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) बाहेर काढून १३० नॉटनं, जवळजवळ ५ मिनिटं.

मधला सपाट प्रवास: १७५ वजा ५७ वजा ५१, उरले ६७ मैल. २७० नॉटनं १५ मिनिटं.

बेरीज ४७ मिनिटं. पूर्ण वेगानं प्रवास त्यातल्या फक्त १५ मिनिटांचा. यावरून एक गोष्ट लगेच कळते: २७० नॉटच्या विमानाऐवजी ३५० नॉटचं विमान लावलं तर सपाट भागात तीन-चारच मिनिटं वाचतात. छोट्या पल्ल्यावर टर्बोप्रॉप वापरतात त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

सपाट प्रवासाचं अंतर शून्य किंवा ऋण आलं तर उंची चुकली असं समजा. चढण आणि उतरण मिळून एकूण अंतराच्या दोन-तृतीयांशाच्या आत बसेल अशी उंची निवडा आणि पुन्हा मांडा. शंभर मैलांच्या फेरीला १७,००० फूट बसतच नाहीत. तिथे दहा-अकरा हजार फूट ठीक.

याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन धावपट्ट्यांमध्ये साधारण २.७ किलोमीटर अंतर आहे. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा ती हीच. छोटं आयलँडर विमान वेळापत्रकाप्रमाणे दोन मिनिटांत जातं, आणि वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही पोचलं आहे. तिथे सपाट प्रवास नावाचा टप्पाच नाही. उडालं, वळलं, उतरलं.

जमिनीवरची मिनिटं

वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाला जागेवर येऊन थांबलं की बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. छोट्या विमानतळावर रांग नसते, त्यामुळे निघताना सहा आणि पोचल्यावर चार अशी दहा मिनिटं सहसा पुरतात. आपले ४७ आता ५७ झाले. कंपनी त्यावर थोडा जादा वेळ ठेवते आणि पाचाच्या पटीत आकडा छापते. सुरुवातीच्या उदाहरणातला एक तास पाच मिनिटं असा तयार होतो.

पण धावपट्टीला समांतर टॅक्सी मार्ग, म्हणजे विमान जमिनीवर चालवत न्यायचा वेगळा रस्ता, आहे का, हे नकाशावर बघून घ्या. अनेक छोट्या विमानतळांवर तो नसतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जावं लागतं, तिथे अर्ध्या वर्तुळात वळावं लागतं आणि मग उड्डाण. १८०० मीटरची धावपट्टी २० नॉटच्या वेगानं चालायला तीन मिनिटं लागतात. उतरल्यावरही इमारतीकडे जाणारा फाटा मागे राहिला असेल तर तसंच परत यायचं. या काळात धावपट्टी अडलेली असते, दुसरं विमान उतरू शकत नाही. दोन विमानं जवळजवळच्या वेळेला आली तर दुसऱ्याला वर घिरट्या घालत थांबावं लागतं. असा विमानतळ असेल तर त्या टोकाला तीन ते पाच मिनिटं वाढवा.

वेळापत्रकात दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. ९:४० ला सुटून ९:३५ ला पोचणारं विमान दिसलं तर दचकू नका. दुसरं टोक एक तास मागे आहे, प्रवास ५५ मिनिटांचा. काही देशांचा फरक अर्ध्या किंवा पाऊण तासाचा असतो, आणि उन्हाळी वेळ दोन शेजारी प्रदेशांत वेगळी असू शकते. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणा, मग वजाबाकी करा.

वारा

वाऱ्याची दिशा नेहमी 'कुठून येतो' अशी सांगतात. २७० अंशांचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. नवखे लोक हे हमखास उलटं धरतात आणि पाठीमागचा वारा समोरचा होऊन बसतो.

आपल्या उदाहरणात 'अ' वरून 'ब' ची दिशा अंतराच्या गणितातूनच निघते. पूर्वेकडे १.९६६, उत्तरेकडे १.८४५, म्हणजे उत्तरेपासून सुमारे ४७ अंश, ईशान्य. वर २७० अंशांवरून ४० नॉटचा वारा आहे. दोन दिशांमधला कोन १३७ अंश, त्याचा कोसाइन उणे ०.७३. गुणाकार उणे २९. ऋण म्हणजे पाठीमागून. जाताना जवळजवळ ३० नॉटची मदत, येताना तेवढाच विरोध.

आपल्या ४७ मिनिटांत सरासरी वेग २२३ नॉट पडतो. सोयीसाठी पूर्ण मार्गावर तोच वारा धरला तर जाताना २५३ नॉट, ४१ ते ४२ मिनिटं. येताना १९३ नॉट, ५४ मिनिटं. एकाच मार्गाच्या दोन दिशांत तेरा मिनिटांचा फरक! आणि दोन्ही मिळून ९६, बिनवाऱ्याचे ९४. जाता-येता वारा फिटून जातो असं वाटतं, पण फिटत नाही. विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा नेहमी मोठं असतं.

विमान जितकं हळू, तितका हा फटका जास्त. सरासरी १६० नॉटनं जाणाऱ्या कॅरॅव्हॅनला हाच वारा जाताना ५५ मिनिटं देईल आणि येताना ८१. म्हणून हळू विमानासाठी वर्षभराचा एकच आकडा देऊ नका, दिशेनुसार दोन आकडे द्या. ज्या प्रदेशात वारा ऋतूनुसार फिरतो तिथे ऋतूनुसारही वेगळे.

छोट्या जागेच्या मोठ्या अडचणी

आकडा बरोबर आला म्हणून उड्डाण त्या वेळी होईलच असं नाही. पहिली गोष्ट, विमानतळ उघडा आहे का? छोट्या विमानतळाचं कामकाज दिवसाचे काही तासच चालतं. ते तास एआयपीत बहुधा यूटीसीत लिहिलेले असतात, ते स्थानिक समजून घोळ होतो. धावपट्टीवर दिवे नसतील तर सूर्यास्तापूर्वी उतरावंच लागतं. अशा ठिकाणची संध्याकाळची फेरी अर्धा तास उशिरानं सुटण्याऐवजी थेट रद्द होते. तात्पुरते बदल नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये, येतात, ते निघण्याच्या दिवशी बघायचे.

दुसरी गोष्ट इंधन. विमानाला फक्त प्रवासापुरतं इंधन चालत नाही. टॅक्सीचं, प्रवासाचं, अनपेक्षित खर्चाचं, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि टर्बाइन इंजिनाच्या विमानाला वर आणखी ३० मिनिटांचं अखेरचं राखीव. ४७ मिनिटांच्या उड्डाणाला राखीव आणि पर्यायी मिळून प्रवासाइतकंच इंधन लागू शकतं. पोचण्याच्या ठिकाणी इंधन मिळत नसेल तर परतीचंही इथूनच न्यायचं. तेवढं वजन वाढलं की आसनं रिकामी ठेवावी लागतात, किंवा मध्ये एक थांबा घ्यावा लागतो. मग सगळा हिशेब दोन वेगळ्या उड्डाणांचा होतो, मध्ये अर्धा तास जमिनीवरचा.

तिसरी, उष्णता आणि उंची. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. ३००० फुटांवरच्या विमानतळाचं प्रमाण तापमान ९ अंश सेल्सियस. दुपारी ३५ अंश असेल तर २६ अंश जास्त. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी ६१०० फुटांवर गेली. छोट्या धावपट्टीवरून त्या वेळी पूर्ण वजन उचलत नाही. म्हणूनच अशा ठिकाणच्या फेऱ्या सकाळच्या असतात.

नेपाळमधल्या लुक्लात हे सगळं एकत्र दिसतं. समुद्रसपाटीपासून २८४५ मीटर उंची, ५२७ मीटरची धावपट्टी, तीही जवळजवळ बारा टक्के उताराची. उतरायचं चढाकडे, उडायचं उताराकडे. दुसरी दिशा नाहीच. काठमांडूपासून हवाई अंतर साधारण १३५ किलोमीटर आणि उड्डाण अर्ध्या तासाचं, पण दुपारी वारा आणि ढग वाढतात म्हणून फेऱ्या सकाळी उरकतात. गर्दीच्या हंगामात याच फेऱ्या काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. तिथून उड्डाण वीस मिनिटांवर येतं, पण रामेछाप गाठायला काठमांडूहून रस्त्यानं चार-पाच तास लागतात. हवाई अंतर कमी झालं आणि प्रवास लांबला. म्हणून विचारणाऱ्याला उड्डाणाचा वेळ हवाय की दारापासून दारापर्यंतचा, हे आधी विचारून घ्या.

थांबे आणि जोडणी

दोन छोट्या विमानतळांमध्ये थेट सेवा असतेच असं नाही. बहुतेक वेळा मधल्या मोठ्या विमानतळावरून जावं लागतं. तेव्हा सरळ अंतराचा उपयोग उरत नाही, दोन टप्प्यांची बेरीज करायची. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे शब्दही एक नाहीत. डायरेक्ट म्हणजे फेरीचा क्रमांक एकच, मध्ये थांबा असू शकतो. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेच उतरणं नाही.

जोडणीला प्रत्येक विमानतळाची किमान वेळमर्यादा ठरलेली असते, त्याखाली तिकीट एकत्र निघत नाही. दोन वेगळी तिकिटं काढली तर ही मर्यादा तुम्हाला वाचवत नाही. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडण्याची शक्यता मोठी. वेगळ्या तिकिटांवर किमान तीन तास मध्ये ठेवा, आणि दुसरी फेरी दिवसातली शेवटची नको. छोट्या मार्गांवर एकच विमान दिवसभरात सहा-आठ फेऱ्या करतं, दर थांब्याला जेमतेम पंचवीस मिनिटं मिळतात. सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. सकाळची पहिली फेरी वेळेवर सुटण्याची शक्यता म्हणूनच जास्त असते.

उत्तर तपासून बघा

कागदावरचा आकडा प्रत्यक्ष फेऱ्यांशी ताडून बघता येतो. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळांवर मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या दिसतात. फक्त एक लक्षात ठेवा: विमानानं पाठवलेले संकेत जमिनीवरच्या केंद्रांना सरळ दृष्टिरेषेत मिळतात. छोट्या विमानतळाजवळ केंद्र नसेल किंवा मध्ये डोंगर असेल तर काही हजार फुटांखाली विमान पडद्यावरून गायब होतं. तिथे दिसणारी उतरण्याची वेळ अंदाजानं टाकलेली असू शकते. शेवटचा दिसलेला बिंदू किती उंचीवर होता ते बघा, तो चार हजार फुटांवर असेल तर पुढची पाच-सहा मिनिटं स्वतः मिळवा.

दोन्ही दिशांच्या दहा-दहा फेऱ्या घ्या, चढत्या क्रमानं लावा आणि मधला आकडा धरा. सरासरी घेऊ नका, एखादी घिरट्या घालत राहिलेली फेरी ती बिघडवते. तुमचा हिशेब मधल्या आकड्यापासून पाच मिनिटांच्या आत असेल तर मांडणी बरोबर आहे. दहा मिनिटांहून जास्त फरक पडला तर आधी विमानाचा प्रकार तपासा, अनेकदा ऐनवेळी दुसरंच विमान लावलेलं असतं. तो बरोबर निघाला तर उतरण्याची प्रक्रिया आणि टॅक्सी मार्ग बघा, मग वाऱ्याची दिशा. अक्षांश-रेखांश सगळ्यात शेवटी, पण तेही बघाच.